गोड खात नाही, पोटही सुटलेलं नाही, मग शुगर निघाली कशी? फवारणी आणि आतड्यातल्या जंतूंचं कनेक्शन

मागच्या दिवाळीत पांढरकवड्याकडच्या आमच्या गावी गेले होते. चहा आला तेव्हा काकांनी कप हातात घेतला आणि काकूंना विचारलं, "बिनसाखरेचा आहे ना?" गावात आरोग्य शिबिर झालं होतं, त्यात त्यांना शुगर निघाली होती. काकांचं वय ५२. अंगावर मूठभर मांस नाही. पहाटे उठून बैलांचं करायचं आणि मग दिवसभर वावरात. "मी त गोड खातच नाही, बसून राहणारा माणूसही नाही. मंग हे शुगर आली कुठून?" त्यांचा प्रश्न साधा होता, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिबिरातल्या डॉक्टरांनी म्हणे 'टेन्शन घेऊ नका' असं सांगितलं. शेतकऱ्याला.

परत आल्यावर शोधायला लागले आणि एका वेगळ्याच ठिकाणी पोहोचले. उत्तर पूर्ण मिळालं असं म्हणणार नाही. पण त्यातला एक धागा थेट आपल्या जिल्ह्यातल्या कपाशीच्या वावरातून निघतो, आतड्यात राहणाऱ्या जंतूंपर्यंत जातो आणि तिथून रक्तातल्या साखरेपर्यंत पोहोचतो.

२०१७ मध्ये आपण काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही

यवतमाळकरांना २०१७ चा सप्टेंबर-ऑक्टोबर विसरता येणार नाही. कपाशीवर फवारणी करता करता माणसं चक्कर येऊन पडायला लागली. उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, श्वास लागणं. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शेकडो जण दाखल झाले. जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी उंच वाढली होती, किडीचा जोर होता आणि फवारा माणसाच्या छाती-तोंडाच्या उंचीवर उडत होता. सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमलं आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्यात मोनोक्रोटोफॉस होतं, अ‍ॅसिफेट होतं, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं मिश्रणही होतं.

यातली मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस आणि अ‍ॅसिफेट ही तीन औषधं एकाच कुळातली आहेत. या कुळाला ऑरगॅनोफॉस्फेट म्हणतात. ('औषध' हा आपला शब्द. कृषी केंद्रातही आपण औषधच मागतो, विष मागत नाही.) नसा एकमेकींना आणि स्नायूंना जो निरोप देतात, तो देऊन झाल्यावर पुसून टाकणारं एक एन्झाइम शरीरात असतं. ऑरगॅनोफॉस्फेट ते एन्झाइमच बंद पाडतं. निरोप पुसलाच जात नाही, नसा पेटत राहतात. कीड याच कारणाने मरते आणि माणूसही. २०१३ मध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या दुपारच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस गेलं आणि २३ मुलांचा जीव गेला, तोही याच रस्त्याने.

हे झालं एकदम मोठा डोस गेल्यावरचं. पण जो माणूस कधीच चक्कर येऊन पडला नाही, दवाखान्यात गेला नाही, आणि वीस वर्षं दर खरिपात चार-पाच फवारण्या करत आला, त्याचं काय? त्याची नोंद कुठल्याच यादीत नसते. आमचे काका त्या यादीबाहेरचे.

योगायोग असा की त्याच वर्षी, म्हणजे २०१७ च्या जानेवारीत, मदुराई कामराज विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास 'जीनोम बायोलॉजी' या नियतकालिकात छापून आला होता. विषय होता मोनोक्रोटोफॉस, आतड्यातले जंतू आणि डायबेटिस.

आधी या जंतूंची ओळख करून घेऊ

आपल्या शरीरात स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी आहेत आणि जंतू साधारण ३८ लाख कोटी. हा २०१६ मध्ये मांडलेला हिशोब आहे. त्याआधी सगळीकडे 'एकास दहा' असं छापलं जायचं, आजही फॉरवर्डमध्ये तेच फिरतं. ते चुकीचं आहे. गंमत म्हणजे एवढ्या सगळ्या जंतूंचं वजन मिळून पावशेराच्या आतच भरतं.

यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला जे पचत नाही ते त्यांच्या वाट्याला येतं. ज्वारीचा कोंडा, तुरीची सालपटं, अंबाडीच्या भाजीचे तंतू, हे सगळं लहान आतड्यातून न पचता पुढे सरकतं आणि तिथे जंतू ते आंबवतात. आंबवताना जी आम्लं तयार होतात ती आपलं शरीर शोषून घेतं. अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही त्यातली मुख्य तीन. अ‍ॅसिटेट म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल.

बाजार समितीत कापूस नेला की मध्ये अडत्या असतो. माल त्याच्या हातून जातो, तो आपला वाटा काढतो आणि पुढे काय भाव लागतो हे बऱ्याच अंशी त्याच्यावर असतं. आतड्यातल्या जंतूंचं काम साधारण तसंच आहे. तोंडातून गेलेली वस्तू जशीच्या तशी रक्तात पोहोचेल असं नाही. मध्ये हे बसलेत. भाकरी असो, गोळी असो की विष, ते त्याचं काहीतरी वेगळंच करून ठेवू शकतात.

मदुराईत काय सापडलं?

संशोधकांनी आधी गावांमध्ये जाऊन तीन हजारांहून जास्त लोकांची तपासणी केली. शेतीत कीटकनाशकांशी थेट संबंध येणाऱ्यांमध्ये डायबेटिसचं प्रमाण इतरांच्या जवळपास तिप्पट दिसलं. शिवाय रक्तात ऑरगॅनोफॉस्फेटचे अंश जितके जास्त, तितकी एचबीए१सी ही साखरेची तीन महिन्यांची सरासरी जास्त, असाही संबंध दिसला. लठ्ठपणा, कोलेस्टेरॉल, बसून राहणं ही नेहमीची कारणं या लोकांच्या बाबतीत फारशी लागू पडत नव्हती.

मग त्यांनी उंदरांना १८० दिवस पाण्यातून थोडं थोडं मोनोक्रोटोफॉस दिलं. उंदराचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं असतं, त्या हिशोबाने हा मोठा काळ झाला. उंदीर मेले नाहीत, पण त्यांच्या शरीराला साखर सांभाळणं जड जायला लागलं.

इथपर्यंत जंतूंचा संबंध कुठे आला? पुढची पायरी तीच होती. विष प्यायलेल्या उंदरांची विष्ठा घेऊन, म्हणजे त्यातले जंतू घेऊन, ती दुसऱ्या उंदरांच्या आतड्यात सोडली. या दुसऱ्या उंदरांनी मोनोक्रोटोफॉस घेतलंच नव्हतं. तरी त्यांचीही साखर बिघडली. म्हणजे बिघाडाचा एक भाग जंतूंबरोबर गेला होता.

कारण असं दिसलं की आतड्यातले जंतू ऑरगॅनोफॉस्फेट फोडू शकतात. एका अर्थी ते विष निष्प्रभ करतात, चांगलंच काम करतात. पण फोडल्यावर जे उरतं त्यात अ‍ॅसिटेट जास्त असतं. ते लिव्हरकडे जातं आणि लिव्हर त्यापासून ग्लुकोज तयार करतं. म्हणजे साखर तोंडावाटे न जाता आतल्या आतच बनते. संशोधकांनी उंदरांना नुसतं अ‍ॅसिटेट देऊन पाहिलं, तेव्हाही साखर वाढली. डायबेटिस असलेल्या माणसांच्या विष्ठेतही त्यांना हीच खूण मिळाली.

काकांचा प्रश्न आठवला. गोड खात नाही, तर शुगर आली कुठून?

थांबा, लगेच शेअर करू नका

मीही हे वाचून आधी उडालेच. पण या अभ्यासावरून 'फवारणीमुळे डायबेटिस होतो' असं पोस्टर बनवता येत नाही. गावातल्या तपासणीत फवारणी आणि शुगर एकत्र दिसली, पण एकत्र दिसणं आणि एकामुळे दुसरं होणं यात फरक आहे. उंदरांवरचा पुरावा जास्त पक्का आहे, पण उंदीर पाण्यातून विष पीत होते आणि आपल्याकडे ते मुख्यतः कातडीतून आणि श्वासातून जातं. उंदरांमधला परिणाम ठळक होता, प्रचंड नव्हता. आणि एक गोची आहे. अ‍ॅसिटेट भाकरीच्या कोंड्यापासूनही तयार होतं आणि ते तब्येतीला चांगलं मानलं जातं. मग एकाच आम्लाचा इथे फायदा आणि तिथे तोटा कसा? कोंड्यापासून ते इतर आम्लांसोबत आणि सावकाश तयार होतं हा एक फरक आहे, पण हा मुद्दा शास्त्रज्ञांमध्येही मिटलेला नाही.

बारीक माणसाला शुगर होण्याची दुसरी कारणंही आहेत, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम पुण्यात झालंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आहेत. आपल्याकडची बाळं युरोपातल्या बाळांपेक्षा वजनाने कमी असतात, पण त्या मानाने त्यांच्या शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. दिसायला बारीक, आतून नाही. आईचं गरोदरपणातलं खाणं नीट नसेल तर पुढे ५० व्या वर्षीच्या शुगरची तयारी पोटात असतानाच सुरू होते, असं हे काम सांगतं. काकांचा जन्म १९७२ च्या दुष्काळाच्या आसपासचा आहे. त्यामुळे त्यांच्या शुगरचं खापर एकट्या फवारणीवर फोडता येणार नाही.

पण हेही खरं की जो माणूस आधीच काठावर उभा आहे, त्याला छोटा धक्काही पुरतो.

इम्युनिटीचा यात काय संबंध?

कोरोनानंतर 'इम्युनिटी' हा शब्द काढ्याच्या पाकिटापासून बिस्किटापर्यंत सगळीकडे आला. खरी इम्युनिटी कुठे घडते हे पाहायचं तर आतड्याच्या भिंतीत पाहावं लागतं. ही भिंत फक्त एका पेशीच्या जाडीची आहे. एका बाजूला लाखो कोटी जंतू, दुसऱ्या बाजूला आपलं रक्त, आणि मध्ये एवढाच पडदा आणि त्यावर शेंबडासारखा चिकट थर. त्यामुळे शरीराने आपल्या संरक्षक पेशींचा मोठा फौजफाटा याच भिंतीत बसवलाय.

आणि या फौजेचं प्रशिक्षण जंतूच करतात. प्रयोगशाळेत असे उंदीर वाढवता येतात ज्यांच्या शरीरात एकही जंतू नसतो. स्वच्छता हीच तब्येत असती तर हे उंदीर पहिलवान निघाले असते. पण त्यांची प्रतिकारशक्ती अर्धवट वाढते आणि साध्या संसर्गालाही ते लवकर बळी पडतात.

फौजेला लढायला शिकवणं जेवढं गरजेचं, तेवढंच थांबायला शिकवणंही. ज्या पेशी 'आता पुरे' असं सांगतात त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. २०१३ मध्ये वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की जंतूंनी तंतुमय अन्नापासून बनवलेलं ब्युटिरेट या पेशी वाढवायला मदत करतं. म्हणजे भाकरीतला जो भाग आपल्याला पचत नाही, त्यातूनच शरीराची स्वतःवर उलटण्याची सवय आवरली जाते.

आणि तंतू मिळालेच नाहीत तर? २०१६ च्या एका प्रयोगात उंदरांना तंतूच नसलेलं खाणं दिलं. उपाशी जंतूंनी भिंतीवरचा तो चिकट थरच खायला सुरुवात केली. थर पातळ झाला आणि बाहेरून आलेला रोगजंतू सहज आत घुसला. चारा नसला की बैल गोठ्याच्या कुडाला तोंड लावतो, तसंच.

इथे आपल्याकडची एक चांगली बातमी सांगायला हवी. पुण्यातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने २०१६ मध्ये भारतीयांच्या आतड्यातल्या जंतूंची इतर देशांतल्या लोकांशी तुलना केली. आपल्याकडे प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा नावाचे जंतू जास्त निघाले. प्रिव्होटेला साधारणपणे धान्य, कडधान्य, भाजीपाला खाणाऱ्यांमध्ये जास्त दिसतो. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांच्या एका अभ्यासात हाच जंतू वर्षागणिक कमी होत गेलेला दिसला. त्यांनी देश बदलला होता. आपण देश न बदलताही ताट बदललंय. आमच्या घरी आजीच्या काळात रोज ज्वारीची भाकर असायची. मग ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ आला आणि आता भाकर पाहुण्यांसाठी खास करतात.

आतडं पोटात, जखम पायात

हा भाग मला स्वतःला सगळ्यात नवलाचा वाटला. २०२३ मध्ये हार्वर्डमधल्या बोला हॅना आणि डायेन मॅथिस यांच्या गटाने दाखवलं की वर सांगितलेल्या 'पुरे' म्हणणाऱ्या पेशींपैकी काही आतड्यात जंतूंच्या संगतीत तयार होतात आणि मग आतडं सोडून प्रवासाला निघतात. उंदराच्या पायाच्या स्नायूला इजा झाली की त्या तिथे पोहोचतात. तिथली सूज आटोक्यात ठेवतात, म्हणजे मग स्नायू नव्याने जुळून येतो. अँटिबायोटिक देऊन आतड्यातले जंतू मारले, तर या पेशी कमी झाल्या आणि स्नायू भरून यायला अडचण आली. चरबी चढलेल्या लिव्हरमध्येही याच पेशी सूज आवरताना दिसल्या. त्याआधी २०१६ मध्ये ओहायोतल्या संशोधकांना मणक्याला मार लागलेल्या उंदरांमध्येही जंतूंचं गणित बिघडलं की सुधारणा मंदावते असं दिसलं होतं. सगळं अजून उंदरांवरच आहे. त्यामुळे जखम झाली की डॉक्टरांनी दिलेली अँटिबायोटिक टाळायची, असा अर्थ कुणी काढू नका. जखम चिघळली तर आधी जीव वाचवायचा असतो.

पोडावरचं बाळ

मोठ्या माणसांचं जाऊ द्या. जंतूंचा सगळ्यात मोठा खेळ आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत होतो, आणि याबाबतीत माणसांवरचा पुरावाही जास्त भक्कम आहे.

बाळंत झाल्यावर पहिले काही दिवस येणारं घट्ट पिवळसर दूध, आपण ज्याला चीक म्हणतो, ते काही घरांत अजूनही पिळून फेकलं जातं. आणि बाळाला मध किंवा गुटी चाटवली जाते. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात ज्या बाळाला पचवताच येत नाहीत. मग त्या असतात कशाला? त्या बाळासाठी नसतातच. त्या बाळाच्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियम नावाच्या जंतूंचं खाणं आहेत. आई बाळासोबत त्याच्या जंतूंनाही पाजत असते. चीक फेकणं म्हणजे पहिली पेरणीच फेकणं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं धोक्याचं आहे, ते वेगळंच.

जंतू योग्य वेळी मिळाले तर काय होतं याचा एक मोठा प्रयोग ओडिशाच्या खेड्यांमध्ये झाला. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने ४,५५६ नवजात बाळांना घेऊन तो केला. अर्ध्या बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जंतू आणि त्याचं खाद्य असलेली साखर दिली, बाकीच्यांना तसंच दिसणारं पण त्यात काही नसलेलं. ज्यांना काही मिळालं नाही त्यांच्यापैकी ९ टक्के बाळांना दोन महिन्यांच्या आत जंतुसंसर्गाने सेप्सिस झाला किंवा ती दगावली. ज्यांना मिळालं त्यांच्यात हे प्रमाण ५.४ टक्के राहिलं. साधारण ४० टक्के घट, तीही अतिशय स्वस्तात. २०१७ मध्येच 'नेचर'मध्ये हा अभ्यास आला. पण यात दोन किलोपेक्षा कमी वजनाची बाळं घेतली नव्हती, आणि हा जंतू बरीच वर्षं चाचण्या करून निवडलेला होता. मेडिकलमध्ये मिळणारी कुठलीही पुडी म्हणजे तो नव्हे. अमेरिकेतल्या औषध प्रशासनाने तर २०२३ मध्ये मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबाबत इशारा दिलाय.

मग कुपोषण. आपल्या जिल्ह्यात झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या भागात कोलामांचे पोड आहेत. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड अशा तीनच जमाती सरकारने सर्वात असुरक्षित आदिवासी समूह म्हणून नोंदवल्यात, त्यातली एक आपल्याकडची. इथल्या अंगणवाडी सेविका एक गोष्ट नेहमी सांगतात: पोर वजनात वाढतं, जुलाब लागले की पुन्हा खाली येतं, पाकीट खाऊनही भरत नाही.

बांगलादेशात यावर वेगळा विचार झाला. कुपोषित मुलांच्या आतड्यातले जंतू तपासल्यावर दिसलं की ते त्यांच्या वयाच्या मानाने 'लहान' राहिलेत. दीड वर्षाच्या मुलाच्या पोटात सहा-आठ महिन्यांच्या बाळासारखे जंतू. अन्न पोटात जातं, पण ते हाताळणारेच मागे राहिलेत. मग जेफ्री गॉर्डन आणि तहमीद अहमद यांच्या गटांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. कोणतं अन्न दिलं तर हे जंतू मोठे होतील? बरीच मिश्रणं करून पाहिल्यावर जे जिंकलं त्यात होतं हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाणे आणि कच्ची केळी.

ही यादी वाचून मी हसले. हरभरा आणि सोयाबीन तर आपल्या जिल्ह्यातून ट्रक भरभरून बाहेर जातं.

ढाक्यातल्या मीरपूर वस्तीत १२ ते १८ महिन्यांच्या १२३ मुलांवर तीन महिने याची चाचणी झाली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या पूरक आहारात कॅलरी जास्त होत्या, तरी या नव्या मिश्रणावरच्या मुलांचं वजन जास्त वेगाने वाढलं. रक्तात हाडांच्या आणि मेंदूच्या वाढीशी जोडलेली प्रथिनंही वाढलेली दिसली. फरक चमत्कारासारखा नव्हता आणि मुलंही मोजकीच होती. पण कॅलरी मोजण्याच्या पलीकडे काहीतरी आहे, हे त्यातून पक्कं झालं. घरी करून पाहणार असाल तर कच्चं सोयाबीन दळून मुलाला देऊ नका. ते नीट भाजून-शिजवूनच द्यावं लागतं, नाहीतर पचनच बिघडतं. आणि मूल तीव्र कुपोषित असेल तर घरगुती प्रयोग नकोत, सरळ अंगणवाडीताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र.

मेडिकलवाल्याची गोळी

जुलाब लागले की आपण डॉक्टरांकडे न जाता मेडिकलमधून दोन गोळ्या आणतो, त्यात बऱ्याचदा एक अँटिबायोटिक असते. २०१८ च्या एका अभ्यासात १२ तंदुरुस्त पुरुषांना चार दिवस जबर अँटिबायोटिक देऊन सहा महिने पाहिलं. दीड महिन्यात बहुतेक जंतू परतले, पण काही नेहमीचे जंतू सहा महिन्यांनीही दिसले नाहीत. साध्या जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी म्हणजे ओआरएस आणि मुलांना झिंकच्या गोळ्या हाच पहिला उपाय आहे. रक्त पडत असेल, ताप असेल तर डॉक्टर ठरवतील.

दही-ताकाबद्दल सगळेच विचारतात. २०२१ मध्ये स्टॅनफर्डने ३६ जणांना दहा आठवडे दोन प्रकारचं खाणं दिलं. दही, केफिर, आंबवलेल्या भाज्या रोज भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यात जंतूंचे प्रकार वाढले आणि रक्तातली सूज दाखवणारी काही प्रथिनं कमी झाली. म्हणून ताक प्या, चांगलंच आहे. पण फवारणीची बाधा झाल्यावर दही, ताक, दूध पाजून घरी झोपवू नका. तिथे अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन लागतं आणि वेळ फार कमी असतो. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा किंवा लेबल सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना काय गेलंय ते कळतं.

मग फवारणीचं काय करायचं?

२०२३ मध्ये केंद्र सरकारने ३६ टक्क्यांच्या मोनोक्रोटोफॉसवर बंदीचा आदेश काढला. पण त्याच कुळातली इतर औषधं दुकानात आहेतच. कपाशी असेल तिथे फवारणी राहणार, हे मला माहितेय. मास्क-हातमोज्यांचं किट ऑक्टोबरच्या उन्हात घालून पंप पाठीवर घेऊन बघा, मग लोक का घालत नाहीत ते कळतं. मजुराला तर ते मिळतच नाही.

पण जंतूंच्या बाजूने पाहिलं तर एक रस्ता असा आहे जो किटशिवायही अडवता येतो, तो म्हणजे हातातून तोंडाकडे जाणारा. फवारणी करताना आपल्याकडे अर्ध्या तासाला खर्रा लागतो. डब्यातलं औषध मोजलेल्या हातानेच पन्नी उघडायची आणि तोच हात तोंडात. दुपारी शिदोरी सोडताना बांधावरच्या पाण्यात हात नुसते विसळायचे. ऑरगॅनोफॉस्फेट नुसत्या पाण्याने नीट निघत नाही, साबण लागतो. एक साबणाची वडी आणि वेगळी पाण्याची कॅन बांधावर ठेवणं एवढंच. औषधाचा रिकामा डबा पाण्यासाठी वापरायचा नाही. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, कारण ते धुणारी बाई पंप न उचलताही विषाच्या संपर्कात येते. आणि खर्रा त्या दिवशी तरी घरी.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. साबणाचं त्यांना पटलं. खर्ऱ्याबद्दल ते गप्प राहिले. मग म्हणाले, "माह्या पोटातले जंतू तपासून भेटतीन का? नागपूरले?" तपासून मिळतात. खासगी कंपन्या काही हजार रुपयांत किट घरी पाठवतात आणि रंगीत रिपोर्ट देतात. पण त्या रिपोर्टवरून कुठल्या रुग्णाला काय उपचार द्यायचा हे आज ठरवता येत नाही. तेच पैसे वाचवून दर तीन महिन्यांनी एचबीए१सी करा, वर्षातून एकदा डोळे आणि किडनी तपासा, असं त्यांना सांगितलं. पुढची तारीख त्यांनी कॅलेंडरवर काकूंकडून लिहून घेतली आहे, कापसाच्या दुसऱ्या वेचणीच्या शेजारी.